परदेशातून दत्तक मूल मुंबईच्या घरी आणताना

परदेशातून मूल दत्तक घेणाऱ्या जोडप्याच्या घरात तयारीचे दोन ढीग साठतात, एक कागदांचा आणि एक खरेदीचा. कागद टाळता येत नाहीत. खरेदीतलं निम्मं सामान मात्र सहा महिन्यांनी माळ्यावर जातं. तिसरी तयारी सहसा राहूनच जाते, ती म्हणजे माणसांची: आजी-आजोबा, शेजारी, सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप, आणि दारात औक्षणाचं ताट घेऊन उभ्या असलेल्या आत्या-मावश्या. मुलाचे पहिले तीन महिने कसे जातील हे बरंचसं या तिसऱ्या तयारीवर ठरतं, म्हणून इथे तिला जास्त जागा दिली आहे.

प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात. सगळं मोघम राहू नये म्हणून एकच उदाहरण धरू: कोलंबियातल्या बोगोताहून मुंबईतल्या वन बीएचकेमध्ये येणारी चार वर्षांची मुलगी. तुमचा देश दुसरा असेल तर भाषा, लस आणि हवामान बदलून वाचा.

फाईल मुंबईतून निघण्याआधी

भारतात दत्तक प्रक्रियेची केंद्रीय यंत्रणा म्हणजे 'कारा'. आंतरदेशीय दत्तकविधानाचा हेग करार १९९३ चा असून तो भारताला १ ऑक्टोबर २००३ पासून लागू आहे. भारतीय नागरिकाने परदेशातलं मूल दत्तक घ्यायचं तर दत्तकविधान त्या देशाच्या कायद्याप्रमाणे तिथेच होतं. पण त्याआधी तुमचा गृहभेट अहवाल आणि कागदपत्रं पाहून काराने कराराच्या कलम ५ आणि १७ खालची मंजुरी द्यावी लागते. कलम ५ म्हणजे हे पालक पात्र आहेत आणि मुलाला भारतात येऊन राहता येईल ही हमी. कलम १७ म्हणजे या जोडप्याला हे मूल द्यायला दोन्ही देशांची संमती. हा क्रम उलटा करू नका. 'तिथल्या वकिलाने सगळं करून दिलंय, आता फक्त व्हिसा हवाय' म्हणत भारतीय दूतावासात गेलेली प्रकरणं नेमकी इथेच अडकतात.

गृहभेटीसाठी कोणाकडे जायचं हे तुमच्या जिल्ह्यावर ठरतं. माहीम-शीवपर्यंत मुंबई शहर जिल्हा. त्यापुढे पश्चिमेला वांद्रे ते दहिसर आणि पूर्वेला कुर्ला ते मुलुंड हा मुंबई उपनगर जिल्हा. आधार कार्डावर दादरचा जुना पत्ता आणि राहायला मुलुंडला, हा मुंबईतला नेहमीचा घोळ. तो समाजसेविका दारात येण्याआधी मिटवा. तिला चकचकीत घर नको असतं. मूल कुठे झोपणार, खिडकीला जाळी आहे का, दोघं कामावर गेल्यावर घरी कोण, पगार किती आणि कर्ज किती, हे ती विचारते. सासूबाईंना वेगळं बोलावून 'तुमचं मत काय' हेही विचारते. तेव्हा त्यांना काय वाटतं ते तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं.

पात्रतेच्या अटींपैकी लक्षात ठेवायच्या तीन: लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत, मूल आणि पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर हवं, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी दोघांच्या वयांची बेरीज १०० च्या वर नको. मूल देणाऱ्या देशाच्या अटी याशिवाय असतात आणि त्या बहुतेकदा जास्त कडक असतात.

परदेशी पाठवायच्या कागदांचा रस्ता असा: आधी नोटरी, मग राज्य शासनाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का), आणि शेवटी त्या देशाच्या भाषेत अधिकृत भाषांतर. भाषांतर अपॉस्टिलनंतर करा. नाहीतर शिक्क्यावरचा मजकूर भाषांतराविना राहतो आणि फाईल परत येते. पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस क्लिअरन्स आणि वैद्यकीय दाखले सगळ्यात शेवटी काढा. त्यांची मुदत लवकर संपते आणि जन्मदाखला मिळण्याची वाट बघताना ते शिळे होतात.

सगळ्यात जास्त वेळ नावं खातात. लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, पॅनवर नवऱ्याचं नाव मधे, बँकेत नुसतं आद्याक्षर. आपल्याला हे रोजचं असलं तरी बोगोतातल्या कारकुनाला त्या चार वेगवेगळ्या बायका वाटतात. 'या सर्व नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र पहिल्याच दिवशी करून त्यावरही अपॉस्टिल घ्या.

मुलाची फाईल कशी वाचायची

हल्ली देशाबाहेर दत्तक दिली जाणारी मुलं बहुतेकदा मोठी असतात, भावंडांच्या जोडीने येतात, किंवा त्यांना एखादा आजार किंवा अपंगत्व असतं. फाईल आली की फोटोकडे बघत बसण्याआधी ती बालरोगतज्ज्ञाला दाखवा, शक्यतो वाढ-विकासाचं काम करणाऱ्या. त्यांना एका दिवसाचं वजन-उंची पुरत नाही. वेगवेगळ्या तारखांची वजनं, उंच्या आणि विशेषतः डोक्याचा घेर लागतो. संस्थेत राहिलेल्या मुलांची उंची साधारण दर तीन महिन्यांमागे एक महिन्याने मागे पडते, हा ढोबळ हिशोब डॉक्टरांना माहीत असतो. तेवढी घट घरी आल्यावर बरीचशी भरून निघते. डोक्याचा घेर सतत मागे राहत असेल तर मात्र जास्त खोलात जाऊन विचारावं लागतं.

संस्थेला लेखी प्रश्न पाठवा. आजारांची यादी फाईलमध्ये असतेच. तिथे नसलेलं विचारा: तिला कोणत्या नावाने हाक मारतात? झोपवताना काय करतात, थोपटतात की गाणं म्हणतात की नुसता दिवा घालवतात? रडली की कोणाकडे जाते, की कोणाकडेच जात नाही? काय बघून घाबरते? अंघोळ शॉवरखाली करते की टबात? भाऊ-बहीण आहेत का, आणि कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आज नकोसं वाटलं तरी लिहून घ्या. पंधरा वर्षांनी ती तुम्हाला हेच विचारणार आहे.

तिकडून निघण्याआधी

*नाव.* कोलंबियात माणसाला दोन आडनावं असतात, सहसा आधी वडिलांचं, मग आईचं. आपल्याकडे मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. दत्तकविधानानंतर तिकडे नवी जन्मनोंद होते आणि अर्जातले दोन रकाने कारकून आपल्या पद्धतीने भरतो. आई-वडील दोघांच्या पासपोर्टवर जोशी असेल, तर मुलगी 'जोशी जोशी' होऊन बाहेर पडू शकते. तिथून ते नाव पासपोर्टवर, व्हिसावर आणि पुढे मुंबईतल्या शाळेच्या दाखल्यावर जातं. नोंदणीच्या आदल्या दिवशी वकिलाला तुम्हाला हवं ते नाव अक्षरन् अक्षर टाइप करून द्या आणि छापील मसुदा वाचल्याशिवाय सही करू नका. पहिलं नाव शक्यतो बदलू नका. तिच्याकडे स्वतःचं म्हणून तेवढंच आहे. मराठी नाव ठेवायचंच असेल तर ते तिच्या नावापुढे जोडा.

*मूळ प्रती.* परदेशात तयार झालेल्या कागदाला अपॉस्टिल त्याच देशात मिळतो, मुंबईत नाही. न्यायालयाचा निकाल, नवा जन्मदाखला आणि हेग कराराच्या कलम २३ चं अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तकविधान करारानुसार झाल्याचा दाखला), या प्रत्येकाच्या निदान तीन-तीन अपॉस्टिल केलेल्या प्रती घेऊनच निघा. इंग्रजी भाषांतरही तिथेच करून घ्या. मुंबईत प्रमाणित स्पॅनिश भाषांतर होतं, पण शाळेच्या प्रवेशाची तारीख डोक्यावर असताना ते शोधत फिरू नका.

*व्हिसा.* मूल त्या देशाच्या पासपोर्टवर येतं, म्हणून भारतात यायला त्याला व्हिसा लागतो. अर्ज त्या देशातल्या भारतीय दूतावासात करायचा असतो. प्रक्रिया रीतसर झाल्याची कागदपत्रांवरून खात्री करून ते एंट्री व्हिसा देतात. गृह मंत्रालयाच्या परदेशी नागरिक विभागाची इमिग्रेशन मंजुरीही दूतावासामार्फतच येते. परतीचं न बदलणारं स्वस्त तिकीट काढू नका, कारण तिथल्या तारखा तुमच्या हातात नसतात.

*पिवळा ताप.* हे कागदांच्या गर्दीत विसरतं आणि थेट सहार विमानतळावर आठवतं. कोलंबियासारख्या पिवळ्या तापाच्या देशातून आल्यावर भारतात लसीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. म्हणजे तुम्ही दोघांनी मुंबईतच, निघण्याच्या दहा दिवस आधी अधिकृत केंद्रात लस घ्यायची. एअरपोर्ट हेल्थ आणि पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनची केंद्रं त्यासाठीच आहेत. मुलीला तिथल्या वेळापत्रकाप्रमाणे दीड वर्षाची असताना लस मिळालेली असू शकते. तिच्या कार्डावर 'फिएब्रे आमारिया' शोधा. पण नुसतं लसीकरण कार्ड चालत नाही, आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचं पिवळं कार्ड वेगळं करून घ्या. नव्या घरातले पहिले सहा दिवस विलगीकरण कक्षात काढावे लागणं याहून वाईट सुरुवात नाही, आणि ती टाळणं तुमच्या हातात आहे.

*विमान.* मुंबईला थेट विमान नाही, कुठेतरी बदलावं लागतं. तुमचे पासपोर्ट भारतीय आणि तिचा कोलंबियाचा, तेव्हा मधल्या विमानतळाचा ट्रान्झिट नियम दोन्ही पासपोर्टांसाठी वेगवेगळा तपासा. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, म्हणून तो मार्ग सोडाच. हातातल्या पिशवीत दोन जोड कपडे, ओळखीचा खाऊ आणि मळकी का असेना पण तिची स्वतःची चादर किंवा बाहुली ठेवा. ती धुऊ नका, तिचा वास हाच तिच्या जुन्या जगातला शेवटचा धागा असतो. विमान उतरताना कान दुखतात, तेव्हा चघळायला किंवा घोट घोट प्यायला काहीतरी द्या.

घर

वेगळी खोली सजवायची घाई करू नका. वन बीएचकेत ती नसतेच, आणि इथे ते फायद्याचंच आहे. संस्थेत दहा मुलांच्या श्वासात झोपलेलं मूल एकट्या खोलीत झोपत नाही. तुमच्या पलंगाला लागून जमिनीवर गादी घाला, हात खाली सोडला की लागेल इतकी जवळ. बाथरूमपर्यंतच्या वाटेवर एक मंद दिवा ठेवा.

ग्रिल नसेल तर ते आधी लावा. पहिल्या मजल्याच्या वर ग्रिल नसलेली फ्रेंच विंडो असेल तर तिला कुलूपच बरं. फिनेल, अॅसिड आणि औषधं वरच्या फळीवर ठेवा. मुख्य दाराला उंचावर एक कडी बसवा, कारण नव्या जागी घाबरलेलं मूल पळतं आणि आपल्याकडे लिफ्ट थेट रस्त्यावर उतरवते.

खेळणी चार-पाच पुरेत: एक चेंडू, ठोकळे, मेणखडू, एक बाहुली. ज्याच्याकडे स्वतःचं काहीच नव्हतं त्याच्यापुढे वीस खेळणी ठेवली की ते खेळत नाही, एकेक उचलून फेकत सुटतं.

आवाजांचा विचार कोणी करत नाही. कुकरची शिट्टी, मिक्सर, सकाळी सहाची दुधाची बेल, लोकल, भोंगा, वरच्या मजल्यावरची फरशी. आपल्या कानांना यातलं काही ऐकूच येत नाही. पहिल्या आठवड्यात कुकर लावताना तिला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात उभं राहा, शिट्टी होण्याआधी बोट दाखवा, तोंडाने 'शिश्श' करा. तिसऱ्या दिवशी ती स्वतः करून दाखवेल. तारीख निवडता येत असेल तर गणपती विसर्जन आणि दिवाळीचे आठवडे टाळा, आणि मे महिनाही. बोगोता २,६०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे बारमाही गारवा असतो. तिथून मुंबईच्या दमट उकाड्यात आलेलं मूल घामोळ्यांनी बेजार होतं, चिडचिडतं, जेवत नाही, आणि मोठ्यांना वाटतं की ते रुळत नाहीये. सुती सैल कपडे, दिवसातून दोनदा साध्या पाण्याने अंघोळ, आणि सोबत पाण्याची बाटली ठेवा. पाणी उकळलेलंच द्या.

माणसं

इथे आपल्या लोकांचा प्रेमळपणाच आड येतो. मूल येणार म्हटल्यावर विमानतळावर तीन गाड्या, दारात रांगोळी, औक्षण, पेढे, आणि संध्याकाळपर्यंत चाळीस माणसं 'बघायला'. मुलीच्या बाजूने पाहा: बत्तीस-चौतीस तास प्रवास करून आलेली, घड्याळ साडेदहा तासांनी उलटलेलं, एक शब्द कळत नाही, आणि अनोळखी बाई पेटता दिवा तोंडासमोर फिरवून कपाळाला ओलं काहीतरी लावते आहे.

विमानतळावर कोणीही नको, किंवा गाडी चालवायला एकच माणूस असावा. औक्षण करायचंच असेल तर आजीने एकटीने, दूरूनच, आणि आधी आईला ओवाळून दाखवून मग करावं. पहिले दोन आठवडे घरात फक्त आई-वडील आणि घरातच राहणारे आजी-आजोबा. पुढचे दोन आठवडे एका वेळी एकच पाहुणा, तोही अर्धा तास. बारसं, सत्यनारायण, हॉलमधलं जेवण सगळं तीन महिन्यांनंतर. आणि जावळ, कान टोचणं हे तर पुढेच ढकला. नव्या घरात पोचल्या पोचल्या कोणी डोकं धरून वस्तरा फिरवला, तर त्या घरावर विश्वास कसा बसावा? तिचे केस कुरळे असतील तर ते कोरडे विंचरू नका. ओले करून, तेल किंवा कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या फणीने टोकापासून वर सोडवत जा.

एक नियम घरातल्या सगळ्यांना, कामाच्या मावशींसकट, आधीच सांगून ठेवा: भरवणं, अंघोळ, झोपवणं आणि रडल्यावर उचलणं हे पहिले काही महिने फक्त आई-वडिलांनीच करायचं. आजीने वरण-भात शिजवावा, भरवावा आईने. आजीला हे लागतं, तिला बाजूला सारल्यासारखं वाटतं. म्हणून तिला दुसरं ठरावीक काम द्या, रोज संध्याकाळी एकच गाणं म्हणणं किंवा खिडकीतून कबुतरं दाखवणं. ज्या मुलाची सांभाळणारी माणसं पाळीपाळीने बदलत गेली, त्याला 'आपलं माणूस' म्हणजे काय हे पहिल्यापासून शिकायचं असतं. ते एका-दोघांकडूनच शिकता येतं.

म्हणूनच मूल पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या मांडीवर जाऊन बसलं, वॉचमनच्या गळ्यात पडलं, आणि लोक म्हणाले 'किती मनमिळाऊ आहे हो', तर खूश होऊ नका. आई आणि वॉचमन यांच्यात तिला अजून फरक वाटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढे ती अनोळखी माणसाला बघून तुमच्या पाठीमागे लपू लागली की गाडी रुळावर आली समजा.

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकू नका. सेक्रेटरीला दोन ओळींत कळवा. लिफ्टमध्ये प्रश्न येणारच: 'खरे आई-वडील कोण?', 'केवढ्याला पडलं?', 'आपल्याकडे मुलं नव्हती का?' उत्तर ठरवून ठेवा, दोघांचं एकच: 'आई-वडील आम्हीच. बाकीची गोष्ट तिची आहे, सांगायची तर ती मोठी झाल्यावर तीच सांगेल.' संस्थेत कशी आली, जन्मदात्री कोण, हे जवळच्या नातेवाइकांनाही सांगू नका. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही, आणि तिच्या आधी ते चुलत भावाला माहीत झालेलं असतं.

भाषा

पन्नास शब्द पुरतात, पण ते निघण्याआधीच पाठ हवेत. देवनागरीत लिहून फ्रिजवर लावा, म्हणजे आजी-आजोबांनाही वाचता येतील. आग्वा म्हणजे पाणी. तेंगो आंब्रे, भूक लागली. मे दुएले, दुखतंय. पिपी, लघवी. मिएदो, भीती. आकी एस्तोय, मी इथेच आहे. या ब्वेल्वो, आत्ता परत येते. शेवटचे दोन सगळ्यात जास्त लागतात. बाथरूमला जातानाही म्हणा.

काही शब्दांत गंमत आहे आणि घोटाळाही. स्पॅनिशमध्ये मामा म्हणजे आई. ती तुम्हाला 'मामा' म्हणेल आणि हॉलमधला तुमचा भाऊ 'ओ' देईल. पापा म्हणजे बाबा, पण शेवटावर जोर दिला नाही तर बटाटा. आणि 'आई' हा त्यांचा शब्द आहे 'तिथे' अशा अर्थाचा. म्हणून छातीवर हात ठेवून तुम्ही 'आई, आई' म्हणालात तर ती मागे वळून तिकडे काय आहे ते बघेल. घाई करू नका. काही आठवडे मामाच राहू द्या, 'आई' आपोआप येईल. ही मुलं जुनी भाषा फार भराभर विसरतात, काही महिन्यांत बोलणं थांबतं. तिकडच्या संस्थेतल्या ताईंच्या आवाजात एक गाणं, एक निरोप फोनवर घेऊन ठेवा.

जेवण आणि झोप

पहिल्या महिन्यात पोषण सुधारायला जाऊ नका. ओळखीचं द्या. कोलंबियातलं मूल भात, राजमा, मसूर, अंडं, केळं, चिकनचं पातळ सूप, मक्याची जाड भाकरी खातं. यातलं सगळं आपल्या बाजारात मिळतं. गुळाचं गरम पाणी, ज्याला ते आग्वापानेला म्हणतात, तिला ओळखीचं वाटेल. आपण गूळ-पाणी उन्हातून आलेल्या पाहुण्याला देतो, ती हे दुधासारखं पिईल. तिखट नाही, आणि हिंग-मोहरीची फोडणीही सुरुवातीला वेगळ्या भांड्यात. त्या वासाची सवय हळूहळू होते.

ती पोट फुटेपर्यंत खाईल, किंवा पोळीचे तुकडे उशीखाली लपवेल. ओरडू नका आणि लपवलेलं काढूनही घेऊ नका. तिच्या हाताला येईल असा एक डबा ठेवा, त्यात केळं आणि बिस्किटं, आणि तो कधीही रिकामा दिसू देऊ नका. डबा भरलेलाच असतो याची खात्री पटली की लपवणं थांबतं, बहुतेक काही आठवड्यांत. दुधाने पोट बिघडलं तर दही देऊन पाहा.

झोपेचं घड्याळ सरळ व्हायला आठ-दहा दिवस लागतात. सकाळी सातला उठवून उजेडात न्या, दुपारी दीड तासावर झोपू देऊ नका. रात्री दोनला ती जागी होऊन खेळायला मागेल, तेव्हा दिवा न लावता शेजारी पडून राहा. त्या दहा दिवसांत दोघांनाही रजा हवी. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत दत्तक आईला १२ आठवडे मिळाले, पण तेव्हा ते तीन महिन्यांच्या आतल्या बाळासाठीच होते. चार वर्षांच्या मुलीसाठी आज काय मिळतं ते ऑफिसला विचारा. ते लेखी घ्या, आणि बाबांची रजाही.

डॉक्टर

ताप-खोकला नसला तरी पहिल्या दोन आठवड्यांत एकदा सविस्तर तपासणी करा. तिकडचे रिपोर्ट असले तरी पुन्हा: रक्ताची पूर्ण तपासणी, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, सिफिलिस, थायरॉइड, लोह, रक्तातलं शिसं, क्षयासाठी मॅन्टू किंवा आयजीआरए, आणि वेगवेगळ्या दिवशी घेतलेले शौचाचे तीन नमुने. कान आणि डोळे तपासून घ्या, कारण 'लक्ष देत नाही' अशी तक्रार असलेल्या मुलाला कधी कधी नीट ऐकूच येत नसतं. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या मुलासाठी चागास या आजाराची तपासणी मुद्दाम सांगून करून घ्या. हा आजार आपल्याकडे नाही, म्हणून इथल्या डॉक्टरच्या तो पटकन ध्यानात येत नाही. हिपॅटायटिस, एचआयव्ही आणि क्षयाच्या चाचण्या सहा महिन्यांनी पुन्हा करायच्या.

सगळं एकाच दिवशी उरकू नका. पहिल्या भेटीत सुई नकोच, डॉक्टरांशी ओळख आणि वजन-उंची पुरे. लसीकरण कार्डावरचं 'त्रिप्ले विराल' म्हणजे आपली एमएमआर. टायफॉइडची लस त्यांच्या यादीत नसते, ती द्यावी लागेल. ऑफिसच्या आरोग्यविम्यात तिचं नाव न्यायालयाच्या निकालाची प्रत देऊन लगेच घाला, वर्षअखेरीची वाट पाहू नका.

त्यानंतरचे कागद आणि शाळा

व्हिसावर नोंदणी आवश्यक असं लिहिलेलं असेल तर एवढ्या लहान मुलाला ती लागते का हे आल्या आल्या एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) विचारा, लागत असेल तर १४ दिवसांत त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंद करा, आणि व्हिसाची मुदत संपण्याआधी वाढवून घ्या. नव्या बाळाच्या धांदलीत हीच तारीख निसटते, म्हणून ती दोघांच्या फोनमध्ये टाका. भारतीय पासपोर्ट लगेच मिळत नाही. आधी नागरिकत्व अधिनियम १९५५ च्या कलम ५ खाली अल्पवयीन मुलाची नोंदणी करावी लागते, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो. आधार कार्ड मिळालं म्हणजे नागरिकत्व मिळालं असं नाही. तोवर तिचा जुना पासपोर्ट चालू ठेवा. तिकडच्या यंत्रणेने जेवढे पाठपुरावा अहवाल मागितले असतील तेवढे वेळेवर पाठवा. तुम्ही टाळले तर पुढच्या भारतीय जोडप्याची फाईल त्या देशात मागे पडते.

शाळेची घाई नको. तीन-चार महिने घरी, मग रोज दोन तासांची बालवाडी. महाराष्ट्रात पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे चार वर्षांच्या मुलीला वेळ आहे. वाढ मागे असेल तर एक वर्ष उशिरा घातल्याने काही बिघडत नाही. वर्गशिक्षिकेला एकच गोष्ट आधी भेटून सांगा. 'माझे कुटुंब' या पाठाला 'तुमचा तान्हेपणीचा फोटो आणा' असा गृहपाठ येतो आणि हिच्याकडे तो फोटो नसतो. 'तुमचा आवडता फोटो आणा' असं सगळ्याच वर्गाला सांगितलं तर त्या दिवशी ती खिडकीतून कबुतरं बघतानाचा फोटो घेऊन जाईल.